तळघरातली साखर

श्टुटगार्टला मी ज्या घरात राहायला गेलो, त्या घराचा डावा भाग जुना होता आणि उजवा नवा. बॉम्बनं ते मधोमध चिरलं होतं. पुढच्या काही वर्षांत उजवी बाजू पुन्हा बांधून काढली, पण खिडक्यांची उंची दोन बोटं चुकली. मी स्थापत्यशास्त्र शिकायला आलेला असल्यामुळे पहिल्याच दिवशी ही चूक मोठ्या उत्साहानं घरमालकीणबाईंना दाखवली. बाई म्हणाल्या की त्या विटा त्यांनी स्वतः ढिगाऱ्यातून वेचून, हातोडीनं चुना काढून साफ केल्या होत्या, आणि तेव्हा दोन बोटांकडे बघायला कुणाला सवड नव्हती. जर्मनीतली माझी बहुतेक संभाषणं अशीच संपत.

बाई पन्नाशीच्या, बुटक्या आणि ताठ. नवरा युद्धात गेलेला. मला त्या 'हेर इंजिनिअर', म्हणजे इंजिनिअरसाहेब, म्हणत. मी अजून इंजिनिअर झालेलो नाही, असं मी त्यांना तीनदा तरी सांगितलं असेल. "मग लवकर व्हा," एवढंच त्या म्हणत.

मी आलो होतो नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीतून. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वडील काय करतात, असं बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, साखर उद्योगात आहेत. यात खोटं काही नव्हतं. वडील कारखान्यात भरलेली पोती शिवत. पण बाईंच्या भुवया अशा काही वर गेल्या की त्यांच्या डोळ्यांपुढे धुरांडी, मोटार आणि चिरूट ओढणारा एक गृहस्थ उभा राहिला असणार. त्याला पुसून टाकण्याइतकं जर्मन मला त्या क्षणी सुचलं नाही. नंतर सुचलं, पण तोवर ते गृहस्थ घरात चांगले स्थिरावले होते.

खोली मला तात्पुरती, पारख होईपर्यंत मिळाली होती. माझ्या राहण्याच्या परवान्याची मुदत ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी संपत होती. मुदत वाढवून हवी तर पत्त्याच्या कागदावर घरमालकाची सही लागे. सही नाही तर पत्ता नाही, पत्ता नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणजे अर्धवट शिक्षण घेऊन वसाहतीत परत. तिथे वडिलांचे मुलगा जर्मनीला गेल्याचे पेढे वाटून झाले होते. मी तो कागद तीन आठवडे खिशात घेऊन फिरत होतो आणि जिन्यात बाई दिसल्या की हात नकळत खिशाकडे जाई. शेवटी एकदा त्यांनी मला थांबवलं.

"युद्धानंतर पंधरा वर्षं सरकारी कचेरीनं माझ्या घरात माणसं घातली," त्या म्हणाल्या. "चांगली होती, वाईटही होती, पण मी निवडलेली एकही नव्हती. आता पहिल्यांदा मी माणूस निवडतेय. मला घाई करू नका."

मग म्हणाल्या, की शनिवारी तुमची केरवोख आहे, ती होऊ द्या, मग सहीचं बघू.

केरवोख म्हणजे झाडलोटीची पाळी. शब्दात केर असल्यामुळे मला तो चटकन पाठ झाला. लाकडाची एक छोटी पाटी ज्याच्या दाराला लटकेल, त्यानं त्या आठवड्यात जिना, खालची पडवी आणि रस्त्याची आपल्या घरापुढची कड साफ करायची. पाटी दर आठवड्याला पुढच्या दाराला जाई. घरात बिऱ्हाडं तीनच. तळमजल्यावर एक पोलीस आणि त्याची बायको, पहिल्या मजल्यावर एकटे राहणारे निवृत्त शिक्षक, आणि वर बाई नि त्यांच्या मागच्या खोलीत मी. शहरात अर्धी घरं पडली होती, तरी म्हणे ही पाटी एकही शनिवार चुकली नव्हती. शिक्षक सांगत की जिना उरला नव्हता तेव्हा लोक शिडी पुसत असत. ते हे गंभीर चेहऱ्यानं सांगत, त्यामुळे खरं की थट्टा ते मला आजही माहीत नाही.

त्या दिवसांत सगळेच जरा घाबरलेले होते. बर्लिनमध्ये भिंत उभी राहून दोन महिने झाले होते आणि आता पुन्हा युद्ध पेटणार असं लोक ट्राममध्ये हळू आवाजात बोलत. काही दुकानांत साखर आणि पीठ मिळेनासं झालं होतं. आमच्या खालचे पोलीसबुवा मात्र याबाबत फार कडक. जिन्यात कुणी जड पिशवी घेऊन भेटलं की ते व्याख्यान देत. सरकार आता भक्कम आहे, साठे करणारे लोकच टंचाई आणतात, नागरिकांनी विश्वास ठेवायला शिकलं पाहिजे. बाई मान डोलवत. शिक्षकही मान डोलवत. मी तर वहीत उतरवूनच घेतलं होतं, कारण त्यातले तीन शब्द मला नवे होते.

केरवोख कशी करायची हे विचारायला शुक्रवारी मी आमच्या कॉलेजातल्या एका पुणेकराकडे गेलो. तो तिथे डॉक्टरेट करत होता आणि मला प्रत्येक बाबतीत सल्ला देणं हे त्याला आपलं कर्तव्य वाटे. तो स्वतः विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहायचा. जिना त्यानं फक्त चढलेला आणि उतरलेला. पण सल्ला देताना त्यानं हयगय केली नाही.

"हे बघ, जर्मन माणसाला स्वच्छतेचं वेड," तो म्हणाला. "नुसतं झाडून भागणार नाही. आपल्याकडे दिवाळीला करतात तसं कर. भरपूर पाणी."

मला ते पटलं. दिवाळी आठवड्यावर आलीच होती. आमच्या वसाहतीत दिवाळीआधी आई शहाबादी फरशीवर बादल्यांनी पाणी ओते आणि आम्ही भावंडं खराट्यानं ते पळवत मोरीपर्यंत नेत असू. त्यानंतर घराला जो वास येई, तसा वास बाईंच्या जिन्याला आला तर सही नक्की, असं माझ्या मनानं घेतलं.

शनिवारी सकाळी बाई बाजारात गेल्यावर मी कामाला लागलो. आधी वरपासून खालपर्यंत झाडून घेतलं. मग खालच्या नळावर चार बादल्या भरून वरच्या पायरीवर ओळीनं ठेवल्या आणि एकेक ओतली. पहिली ओतली तेव्हा फार समाधान वाटलं. पाणी पायऱ्यांवरून सरसर उतरत गेलं, वळणावर जरा थबकलं आणि पुन्हा निघालं. आईनं हे बघायला हवं होतं, असं वाटलं. जिना लाकडी होता, वर्षानुवर्षं मेण लावून जड ब्रशनं घासलेला. त्यावरून पाणी काय सुंदर पळतं म्हणून मी कौतुक करत होतो.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना मला अजून लाज वाटते. माझा अभ्यासाचा विषय होता पाण्याचा निचरा. रस्त्याकडेच्या गटारांना उतार किती असावा, यावर त्याच सत्रात मी एक लांबलचक निबंध लिहून दिला होता. तरी चौथी बादली रिकामी होईपर्यंत हे पाणी जाणार कुठे, हा प्रश्न मला पडला नाही. पाणी ओतलं की पुढे मोरी असतेच, अशी माझी समजूत. त्या जिन्याच्या तळाशी मोरी नव्हती. तिथे तळघराचं दार होतं आणि दाराखाली चांगली बोटभर फट होती.

आधी पोलीसबुवांच्या बायकोचा आवाज आला. मग ते स्वतः बाहेर आले, सुट्टी असल्यामुळे घरातल्या सपाता घातलेले. सपाता लगेच भिजल्या. त्यांनी जिन्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या बादलीकडे पाहिलं, पाण्याच्या रोखानं नजर नेली, आणि तळघराच्या दारावर ती पोचली तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला की आपण कुणाचा तरी जीव घेतला, असंच मला वाटलं. ते तसेच किल्ली आणायला धावले. वरून शिक्षक उतरले, तेही किल्ली घेऊनच. तेवढ्यात बाई बाजारातून आल्या आणि पिशवी दारातच टाकून सरळ खाली गेल्या. त्यांची किल्ली गळ्यातल्या साखळीत होती.

तळघरात फळ्या ठोकून प्रत्येक बिऱ्हाडाचा एकेक कप्पा केलेला होता. फळ्यांवर आतून जुनी पोती लावलेली, त्यामुळे आत काय आहे ते बाहेरून दिसत नसे. तिघांनी एकाच वेळी कुलपं काढली. कारण जमिनीवर पाणी पसरत होतं आणि लाज बाळगत बसायला कुणाला वेळ नव्हता.

शिक्षकांच्या कप्प्यात कॉफीचे डबे होते, दारूच्या काही बाटल्या आणि कोरे करकरीत दोन जोड बूट. मी बुटांकडे पाहत राहिलो तेव्हा ते म्हणाले की युद्ध संपलं तेव्हा ते बोहेमियातून घरी फाटक्या बुटांनी चालत आले होते. "पुढचं युद्ध कोण जिंकणार ते माहीत नाही," ते म्हणाले, "पण चालायचं मलाच आहे."

पोलीसबुवांचा कप्पा सर्वांत मोठा आणि सर्वांत नीट लावलेला. पीठ, चरबीचे डबे, मेणबत्त्या, आणि साबणाच्या वड्या भिंतीसारख्या रचलेल्या. शिक्षकांनी फक्त एक वडी उचलून तिचा वास घेतला आणि विचारलं, हेही भक्कम सरकारचंच का. पोलीसबुवा कानापर्यंत लाल झाले. बायकोचं आहे म्हणाले. बायको त्यांच्या मागेच उभी होती.

बाईंचा कप्पा जिन्याच्या अगदी पायथ्याशी, त्यामुळे पाणी आधी तिथेच शिरलं होतं. त्यांनी साखर साठवली होती. कागदी पाकिटं थरावर थर लावलेली, आणि खालचे तीनचार थर भिजून त्यांचा लगदा झाला होता. बाई त्याच्यापुढे उभ्या होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एक पाकीट उचललं, त्याचा तळ गळून पडला आणि ओली साखर त्यांच्या बुटांवर सांडली. सही गेली, हे मला तेव्हाच कळलं. खरं सांगायचं तर सहीच्याही आधी मला दुसरंच काही वाटलं, पण ते नीट सांगता येत नाही. त्या बाईंनी स्वतःच्या भीतीवर जी काही तजवीज केली होती, ती मी चार बादल्यांत बुडवली होती.

"फेकू नका," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "साखर भिजली म्हणून वाया जात नाही. आमच्या कारखान्यात ओली साखर पुन्हा विरघळवतात. लगेच उकळली तर सगळी वाचेल."

"हेर डिरेक्टर तसं करतात?" बाईंनी विचारलं. डिरेक्टर म्हणजे ते चिरूटवाले गृहस्थ. त्यांना आता घरातून घालवणं भाग होतं. मी सांगितलं की माझे वडील डायरेक्टर नाहीत, ते पोती शिवतात, लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी कारखान्यात जायचो म्हणून मला हे ठाऊक.

बाईंनी बुटांवरची साखर झटकली. मग म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. डायरेक्टरच्या मुलानं चार बादल्या वर वाहून नेल्या नसत्या."

त्यानंतर बोलायला कुणाला फुरसत झाली नाही. आम्ही पातेल्यांत, टोपल्यांत, धुण्याच्या हंड्यात भरून ओली साखर वर नेली. गावाबाहेर शिक्षकांचा बागेचा एक तुकडा होता. तिथली क्विटन नावाची पिवळी, दगडासारखी कडक फळं त्यांच्या खोलीत ढिगानं पडली होती, ती ते मुरंब्यासाठी घेऊन आले. पोलीसबुवा कोरडे मोजे घालून आले आणि त्यांची बायको साबणाच्या चार वड्या घेऊन आली. त्या कशाला हे कुणी विचारलं नाही. बाईंच्या स्वयंपाकघरात एकदम पाच माणसं झाली. बाईंच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की इतकी माणसं तिथे कचेरीनं न पाठवता कधी आली नव्हती.

मुरंबा झाला की नाही हे बघायची बाईंची रीत म्हणजे थंड बशीवर एक थेंब टाकून बशी कलती करायची. मी दोन बोटांत पाक धरून तार येते का ते बघत होतो. हे त्यांना किळसवाणं वाटलं. मी सांगितलं की आमच्याकडे आई एकतारी आणि दोनतारी असं मोजते. त्यांनी विचारलं, आणि बोटं भाजली तर? मी म्हणालो, भाजतातच. त्यांनी मला बशी दिली. थोड्या वेळानं मी पाहिलं तर माझी पाठ वळल्यावर त्याही बोटांनी तार काढून बघत होत्या.

फळं सोलताना बाईंनी ते सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. युद्धानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, लोक खरोखर उपाशी होते तेव्हा, त्यांनी कुणाकडून तरी अर्धं पोतं बटाटे मिळवले होते. तळघरात ठेवले. तेव्हा कप्प्यांना कुलपं नव्हती. एका सकाळी पाहिलं तर बटाटे नव्हते. चोर बाहेरचा असता तर पुढचं दार फुटलं असतं, आणि दार शाबूत होतं. म्हणून ही कुलपं, म्हणून ही किल्ली गळ्यात. भिंत कुठे बर्लिनला उभी राहते आणि मी इथे साखर लावत बसते, असं त्या म्हणाल्या, आणि स्वतःलाच हसल्या.

शिक्षक समोर बसून क्विटन सोलत होते. मान वर न करता ते म्हणाले, "त्यातले निम्मे सडके निघाले होते."

पोलीसबुवांची सुरी थांबली. बटाटे सडके निघाले हे ज्यानं ते शिजवले, त्यालाच ठाऊक असणार. ते पोलीसबुवांना समजायला थोडा वेळ लागला, मला त्याहून जास्त. पोलीसबुवा खुर्चीत ताठ झाले. चौदा वर्षांपूर्वीचा गुन्हा होता, ते स्वतः त्या वेळी या घरात राहतही नव्हते, पण सवय ती सवय.

"म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काही नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही सोला."

पोलीसबुवा सोलू लागले. शिक्षकांचे हात मात्र बराच वेळ नुसतेच फळ धरून होते. बाईंनी त्यांच्यापुढचं सालांचं भांडं उचललं आणि रिकामं करून परत त्यांच्यापुढे ठेवलं. भांडं अजून अर्धंही भरलेलं नव्हतं. यावर त्या दोघांमध्ये पुढे कधी काही बोलणं झालं का, मला माहीत नाही.

दुपारी खिडकीच्या फळीवर बरण्या ओळीनं उभ्या राहिल्या. बरण्या कमी पडल्या म्हणून पोलीसबुवांच्या बायकोनं खाली जाऊन आणखी आणल्या, तेव्हा त्यांच्याकडे बरण्यांचाही साठा असल्याचं उघड झालं. मग बाईंनी हात पुसले आणि माझ्याकडे हात पुढे केला. मला कळेना. "कागद," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे खिशात कुरवाळताय तो."

कागद ओला झाला होता, पण वाचता येत होता. शेवटच्या रकान्यात भाडेकरू कधीपर्यंत राहणार ते लिहायचं होतं. बाईंनी पोलीसबुवांना विचारलं की इथे काही न लिहिलं तर चालतं का. पोलीसबुवांनी नियम आठवून पाहिला आणि म्हणाले, मुदत ठरलेली नाही, असं लिहावं लागेल. बाईंनी तसं लिहिलं, सही केली, आणि मग म्हणाल्या की माझ्या कप्प्यात वरची एक फळी तुमच्यासाठी रिकामी करते, तुम्हाला युद्धासाठी जे लागतं ते ठेवा. मला युद्धासाठी काय लागतं याचा मी कधीच विचार केला नव्हता. मी तांदूळ म्हणालो. शिक्षक म्हणाले, बूट. आणि जिन्याचं मेण मात्र पुढच्या चार शनिवारी मी एकट्यानं लावायचं, पायरी पायरी करून, असं सर्वानुमते ठरलं. पाण्यानं ते पांढरं पडलं होतं.

रविवारी पुणेकराला हे सांगितलं तेव्हा तो खूप हसला. मी त्याला दोष देईन असं वाटून त्यानं आधीच हात वर केले. "मी भरपूर म्हणालो होतो," तो म्हणाला, "महापूर नव्हे."

सोमवारी परदेशी लोकांच्या नोंदणीच्या कचेरीत माझा नंबर लागला. काउंटरमागचा कारकून थकलेला, वयस्क माणूस. त्यानं कागद हातात घेतला आणि तो त्याच्या बोटांना चिकटला. तो सोडवायला गेला तर दुसऱ्या हाताला चिकटला. त्यानं बोटं नाकाशी नेली.

"क्विटन," तो म्हणाला.

मी म्हणालो, घरमालकीणबाई मुरंबा करत होत्या.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. गेल्या आठवड्यात त्याच्या बायकोला तीन दुकानं फिरून दोनच पाकिटं साखर मिळाली होती. "एवढ्या मुरंब्याला," त्यानं विचारलं, "तुमच्या बाईंना साखर कुठे मिळते?"

मी त्याच्याकडे पाहिलं. शिक्का त्याच्या हातात होता.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी तिथे नवीन आहे."

त्यानं मान हलवली, माझ्या नावापुढे शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.